आयुधपूजेपुरता लॅपटॉप

लॅपटॉपला डांबरगोळ्यांचा वास येत होता. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं होती. बाकी कुठे ओरखडा नाही, पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मी बटन दाबलं. पडदा उजळला आणि इंग्रजीत एक ओळ उमटली. हार्ड डिस्क सापडत नाही म्हणे!

"असं कसं होईल?" शंकरअण्णा म्हणाले. "तीन वर्षं झाली, कुणाला हात लावू दिला नाही मी."

मी नागपूरची, तोंडाने फटकळ. पण अण्णांचा चेहरा बघून नुसतं पुन्हा बटन दाबलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बसवनगुडीतल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी हार्डवेअर इंजिनिअर होते. शंकरअण्णांचं वर्कशॉप यशवंतपूरला, तिथेच त्यांनी मला बोलावलं होतं. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. ते पाण्याचे पंप तपासायचं यंत्र बनवायचे. यंत्र चालायचं एका प्रोग्रामवर, आणि तो प्रोग्राम शेडमधल्या जुनाट कॉम्प्युटरवर होता. तेल, धूळ, लोखंडाचा कीस, सगळं खाऊन तो वर्षानुवर्षं चालला. मग आदल्या दिवशी गेलेली वीज झटक्याने परत आली आणि त्याची डिस्क जळाली.

अण्णा घाबरले नाहीत, कारण दुसरी कॉपी या लॅपटॉपवर होती. त्यासाठीच तर त्यांनी चांगला, महागाचा बिझनेस लॅपटॉप घेतला होता.

"प्रोग्राम लिहिणारे कुठे आहेत?"

"अमेरिकेत."

"फ्लॉपीवर घेतला नाही?"

"फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून तर हा घेतला ना, मॅडम!"

दुपारी कोइमतूरची पार्टी यंत्र बघायला येणार होती. संध्याकाळच्या गाडीने ते परत जाणार. यंत्र चाललं तर ऑर्डर, नाहीतर ते दुसरीकडे बघणार. वर्षभर दुसरं काम आलं नव्हतं. ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप, असं अण्णांनी मला आल्याआल्याच सांगितलं होतं.

मी लॅपटॉपला कान लावला. डिस्क फिरायला लागली की बारीक घरघर येते. इथे नुसतं टुक्. परत टुक्. मोटर जोर लावत होती, पण चकती हलत नव्हती.

"शेवटचा चालू कधी केला होता?"

"दर वर्षी बाहेर काढतो की. दसऱ्यातल्या आयुधपूजेला."

"आणि चालू करता?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच विचारलं. "पूजेच्या दिवशी हत्यार वापरत नाहीत, मॅडम."

अरे बाप्पा! मी डोक्याला हात लावला. वर्षातून एकच दिवस तो बाहेर यायचा, आणि नेमका तो दिवस न वापरण्याचा.

झालं काय होतं ते सांगते. डिस्कच्या आत एक चकचकीत चकती असते आणि तिच्यावरून फिरणारं एक टोक. मशीन बंद असलं की त्या काळच्या डिस्कमध्ये ते टोक चकतीवरच टेकून बसायचं. फार काळ तसंच राहिलं की चिकटायचं. आम्ही त्याला स्टिक्शन म्हणायचो. लॅपटॉपची मोटर इवलीशी, तिला ते सुटत नाही.

मी बॉसला फोन लावला.

"साइटवर काही उघडायचं नाही," राव सर म्हणाले. "इकडे घेऊन या. मुंबईला पाठवू."

"सर, यांची पार्टी दुपारी येतेय."

"आणि डिस्क तुमच्या हातात गेली तर? लेखी घ्या त्यांच्याकडून."

मी फोन ठेवला. बसवत नव्हतं. अण्णांना सरळ सांगितलं, "एक उपाय आहे. डिस्क काढून हाताने झटका द्यायचा. सुटली तर सुटली. ते टोक मोडलं, तर प्रोग्राम कायमचा गेला."

"झटका?" अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबा, मॅडम. स्वल्प थांबा." ते खुर्चीतून उठले, देवाच्या फोटोपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. घड्याळाकडे माझं लक्ष आणि माझ्या हातांकडे त्यांचं.

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. लॅपटॉप त्यांच्याच कपाटात, रेशमी साड्यांच्या घडीत असायचा. डांबरगोळ्याही त्यांच्याच.

"पोरी, तू कर," अक्का म्हणाल्या. "जपून जपून काय मिळालं? आत्ता तरी तो प्रोग्राम कुठे आपल्या हातात आहे?"

अण्णा खाली बसले. "सरी, ठीक आहे. करा."

मी डिस्क बाहेर काढली, तळहातावर आडवी धरली आणि लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसा मनगटाला हिसका दिला. परत बसवली. टुक्. पुन्हा काढली. या वेळी जरा जास्तच जोरात हिसका दिला, बसवली, बटन दाबलं.

घरघर सुरू झाली. अक्कांनी हात जोडले. मी ओरडले, "फ्लॉपी! कुठलीही, नवी आणा!" आधी कॉपी घेतली, मगच श्वास सोडला.

पण संकट संपलं नव्हतं. यंत्र अंगणापलीकडच्या शेडमध्ये, आणि ते चालवायला आता हा लॅपटॉपच. लॅपटॉपची बॅटरी न वापरताच मेलेली. बंद करून नेला, तर डिस्क पुन्हा चिकटायची धास्ती. शेवटी दोन कामगारांनी ऑफिसचा यूपीएस उचलला, मी चालू लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि आम्ही अंगणातून निघालो. यूपीएस बोंबलतोय, पुढे अण्णा "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करताहेत. तेवढ्यात फाटकातून कोइमतूरची पार्टी आत आली. ते आमची वरात बघतच राहिले.

यंत्र चाललं. ऑर्डर मिळाली. लेखी काही घेतलं नाही, म्हणून राव सरांनी मला सुनावलं ते वेगळंच.

गिऱ्हाईक मला अजूनही विचारतं, लॅपटॉप किती वर्षं टिकेल? मी म्हणते, रोज वापरलात तर निदान बिघडल्याचं वेळेवर कळेल.

पुढच्या आयुधपूजेला अण्णांनी आग्रहाने बोलावलं. डिस्क नवी, बॅटरी नवी, लॅपटॉप मात्र तोच. आता तो शेडमध्ये रोज चालत होता. कोपरा उडालेला, कीजवर तेलाचे ठसे. झेंडूची फुलं वाहून झाली. अण्णांनी हळदीकुंकवाची वाटी पुढे केली, पण अक्कांनी हात मागे घेतला.

"अहो, आधी चालू करून दाखवा," त्या म्हणाल्या. "मग कुंकू लावते."