उजवीकडे फिरवलेले बटण

माझे कान अधू होत चालले आहेत, हे मी पत्नीपासून लपवले. नुसते लपवले असते तरी एक वेळ निभावले असते. मी तो अधूपणा तिच्या माथी मारला.

कार्यालयातल्या तपासणीत डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले होते, की उंच, बारीक स्वर तुमच्या कानांतून निसटू लागले आहेत. आधी ‘स’ आणि ‘श’ जातात, मग शब्दांच्या कडा पुसट होतात. यंत्र वापरा, असेही ते म्हणाले. घरी येऊन मी ‘सगळे ठीक’ एवढेच म्हटले आणि कानात यंत्र बसवण्याऐवजी गाडीत नवे स्पीकर बसवले. पाचोडला सासुरवाडीला जाताना पत्नी गाण्याबरोबर गुणगुणत असे. तिच्या हौसेसाठी, असे कारण पुढे केले.

पहिल्याच फेरीत तिने कपाळाला आठी घातली. “अहो, किती टोचतोय आवाज! पत्र्यावर खिळा ओढल्यागत. दुकानात दाखवा की.”

दाखवले. क्रांती चौकातल्या दुकानदाराने गाडीच्या दारांचे आतले आवरण उघडले, तारांची जोडणी तपासली, अ‍ॅम्प्लिफायरचा जोर उतरवला. शेवटी बारीक स्वर वाढवणारे, ट्रेबलचे बटण मध्यावर आणले, तसा आवाज निवला. मला मात्र गाणे रजईखालून आल्यासारखे वाटले. छावणीतल्या घरी पोचेपर्यंत ते बटण पुन्हा पूर्ण उजवीकडे गेले होते.

दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा दुकानदाराने गाडीतल्या स्टिरिओच्या पडद्याकडे पाहिले. “साहब, ट्रेबल फुल कौन किया?”

“मी नाही,” मी कानांवर हात ठेवले.

“तो गाडी में भूत बैठता क्या?” तो हसला आणि बटण मध्यावर आणले. मीही हसलो, आणि वाटेत ते पुन्हा उजवीकडे फिरवले.

पत्नीला सांगितले, “दुकानदाराला काही दोष सापडत नाही. वयानं कान हळवे होतात. बहुधा तुझेच झालेत.”

तिने ते मानले. माझ्या बोलण्यावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

गल्लीतल्या भजनी मंडळात सूर धरून देणारी ती. एका संध्याकाळी ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “मला वगळा बाई आता. कानच गेलेत माझे. सूर लागला का नाय, त्याचाच भरवसा वाटंना.” मी दारातच थबकलो. आत जाऊन बोलण्याचे धैर्य तेव्हाही झाले नाही.

पुढच्या रविवारी पाचोडच्या वाटेवर ती गाण्याबरोबर गुणगुणत नव्हती. वाऱ्याने पदर सरला आणि तिच्या कानात कापसाचे बोळे दिसले. मला वाईट वाटू नये म्हणून पदराआड ठेवलेले.

मी गाडी कडेला घेतली. बटण मध्यावर आणले आणि हळूच काही तरी पुटपुटलो.

“काय म्हणालात? मोठ्यानं बोला, बोळे घातलेत कानात.”

आयुष्यभर खालच्या स्वरात बोलत आलेला मी. गाणे बंद केले आणि तिच्याकडे वळून मोठ्याने म्हणालो, “कान माझे गेलेत गं, तुझे नाहीत. मला ठाऊक होतं. बटण दर वेळी मीच फिरवत होतो. तुझा सूर शाबूत आहे. माझं चुकलं, मला माफ कर.”