मोघ्यांच्या बाल्कनीतला समुद्र

कतारमध्ये माणसांपेक्षा काँक्रीटचे लाड जास्त. उन्हाळ्यात त्यात पाण्याऐवजी बर्फ घालावा लागतो, ओतायचं तर उजाडायच्या आत, आणि मग आठवडाभर ओल्या गोणपाटात गुंडाळून पाणी पाजत बसायचं. पाणी गोडंच हवं. खारं गेलं की आतल्या सळया गंजतात, फुगतात आणि एक दिवस काँक्रीट फोडून बाहेर तोंड काढतात. विभावरी सातार्डेकरला हे कॉलेजात जाण्याआधीच ठाऊक होतं. तिचं बालपण शिरोड्याच्या मिठागरावर गेलं. तिथे वडिलांच्या खोपीच्या दाराला लोखंडी बिजागरी टिकत नसे, म्हणून ते दार काथ्याने बांधायचे. मीठ पोटाला घालतं आणि लोखंडाला खातं, एवढं त्या पोरीला पाळण्यातच कळलं होतं.

म्हणूनच देवीदास मोघ्यांनी जो घाव घातला, तो तिच्या वर्मी लागला.

ही २०१४ची गोष्ट. वर्ल्ड कपसाठी सगळं दोहा उकरून ठेवलेलं. विभावरीची कंपनी स्टेडियमच्या इंजिनिअरांसाठी बंगले बांधत होती. काँक्रीट तपासायचं काम हिचं, आणि नाशिकचे मोघे तिचे प्रोजेक्ट मॅनेजर. उंच, गोरे, बोलायला साखर. एका आठवड्यात गोड्या पाण्याचा टँकर आला नाही, तर मोघ्यांनी साइटवर फोन करून सांगितलं, बोअरवेलचं पाणी मारा. विभावरी धावत त्यांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, ते पाणी खारं आहे. सळया जातील.”

“यल्ला, चला मॅडम, गोणपाटं भिजवायची आहेत. कुणाला प्यायला थोडंच द्यायचंय?”

काही महिन्यांनी खांबांवर पांढरे डाग फुटले. कन्सल्टंटने खांब पाडायला लावले आणि मीटिंगमध्ये विचारलं, हे पाणी कुणी वापरू दिलं? मोघ्यांनी डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, “परवानगी विभावरी मॅडमची होती.” हुकूम फोनवरचा. केबिनमध्ये दोघंच. तिचं कोण ऐकणार?

नोकरी गेली. नोकऱ्या जातात, दुसऱ्या मिळतात. पण त्या दिवाळीत दोह्यातल्या मराठी मंडळाच्या फराळाला मोघे चकली मोडत सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, मिठागरातली मुलगी ती! तिला खारं काय नि गोडं काय!” आणि लोक हसले. ज्यांना तिने बाळंतपणात डबे पोचवले होते, तेही हसले. तेव्हापासून तिचं नावच ‘मिठागर’ पडलं. अल अझीझिया वस्तीतल्या वाण्याकडे ती शिरली की मागे कुणीतरी हळूच म्हणायचं, मिठागर आलं. तिने मंडळात जाणं सोडलं.

तिचा नवरा विजय. तो हमद नावाच्या बंदरात कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं काम बघतो. गरीब स्वभावाचा माणूस. तो म्हणायचा, “जाऊ दे गो. परक्या मुलखात वैर कशाक?”

“मी त्येका सोडूचंय नाय,” ती म्हणायची आणि पोळ्या लाटायला लागायची. त्या दिवशी पोळ्या जरा पातळच व्हायच्या.

तिला मोघ्यांची नोकरी घालवायची नव्हती. तिला एकच हवं होतं. ज्या तोंडाने ते बोलले, त्याच तोंडाने, त्याच माणसांसमोर, त्यांनी खरं सांगावं. पाच वर्षं ती याच एका वाक्याची वाट बघत होती.

२०१९ उजाडलं. दोह्याशेजारच्या वक्र्यापर्यंत मेट्रो आली, तिथलं नवं स्टेडियमही उघडलं. विभावरी आता जुने व्हिला दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. ऑगस्टमध्ये वक्र्याहून हजराबाईंचा निरोप आला. हजराबाई म्हणजे समुद्राजवळच्या एका जुन्या जोडव्हिलाच्या मालकीण. अर्ध्या भागात त्या स्वतः राहत आणि अर्धा भाड्याने दिलेला. भाड्याच्या भागाच्या बाल्कनीचा खालून मोठा तुकडा निखळून पायरीवर पडला होता. थोडक्यात वाचलं, खाली तेव्हा कुणी नव्हतं.

“सच बोलो,” हजराबाई म्हणाल्या. त्यांची हिंदी मोडकी, पण नजर अजिबात मोडकी नव्हती. “घर बूढा हुआ, या आदमी ने खराब किया? घर बूढा, तो मैं बनाऊँगी. आदमी ने किया, तो आदमी जाएगा. खलास.”

विभावरीने भाडेकरूची बेल वाजवली. दार देवीदास मोघ्यांनी उघडलं.

ती हसली नाही. मोघे मात्र हसले, कारण त्यांना तेवढंच येत होतं. “अरे, विभावरी! या या. पूर्णिमा, चहा टाक गं.”

चहा न पिता ती वर बाल्कनीत गेली, आणि समोरचं बघून तिला पहिल्यांदा बरं वाटलं.

फरशीवर एक मोठं पांढरं वर्तुळ उमटलं होतं. कडेला मिठाची खपली. फटींमध्ये राखाडी, मऊ माती अडकलेली. तिने ती नखाने उकरली, बोटांत चोळली. शाडू.

मग सगळं उलगडलं. आठ वर्षं मंडळाचा गणपती मोघ्यांच्या याच घरी बसायचा; गणपतीत दरवर्षी शिरोड्याला जाणाऱ्या विभावरीने ते नुसतं ऐकलं होतं. त्यावरच तर त्यांचा तोरा. इथे समुद्रावर मिरवणूक काढता येत नाही, सगळे आपापल्या घरी बादलीत विसर्जन करतात. पण मोघ्यांचं म्हणणं, बादलीतलं विसर्जन ते कसलं विसर्जन! म्हणून ते किनाऱ्यावरून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचे आणि बाल्कनीतल्या मोठ्या टबात ओतायचे. वीस घरांचे गणपती त्यात. शाडू विरघळायला दिवस लागायचे, पाणी आटलं की पुन्हा समुद्र. आणि उरलेलं पाणी न्हाणीत कसं ओतायचं? देवाचं पाणी ते! मग ते बाल्कनीतच सोडायचं, आपोआप सुकेल म्हणून. ते सुकलं, पण मीठ कुठे सुकतं? ते स्लॅबमध्ये मुरत राहिलं. खाऱ्या पाण्याने स्लॅबचं वाटोळं होतं हे सांगणारी एक बाई होती, तिला यांनी हाकलून दिलं होतं.

तिच्या फोरमनने, कमालने, दोन्ही बाल्कन्यांना वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडून पूड काढली. दोन्ही एकाच वर्षी बांधलेल्या, दोघींना वारा तोच. हजराबाईंची धडधाकट निघाली. मोघ्यांच्या बाल्कनीत वरच्या थरात मीठच मीठ, खाली जावं तसं कमी. म्हणजे ते बांधतानाचं नव्हतं, वरून ओतलेलं होतं. शंकेला जागाच नव्हती.

कमालला टेकू लावायला सांगून ती मोघ्यांना एका बाजूला घेऊन गेली आणि तळहातावरचा शाडू दाखवला. मोघे कसेही असले तरी इंजिनिअर होते. त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, हे घर गेलं तर... गणपती कुठे बसवू? लोकांना काय सांगू?”

“खरं सांगा. हजराबाईंना माझं उत्तर मी विसर्जनाच्या दिवशी देणार आहे. त्याआधी त्या बोअरवेलच्या पाण्याची हकीकत तुम्ही मंडळाला सांगायची.”

“आणि मी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल ना, की घर जुनं झालंय?”

“आधी सांगा तर.”

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तसं तिने जाणूनबुजून केलं, आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटली नाही.

अनंत चतुर्दशीला पाच वर्षांनी विभावरी मंडळात आली. अबोली रंगाची साडी, नाकात नथ. विजय मागे अवघडून उभा. बाल्कनी बंद, त्यामुळे टब अंगणात ठेवला होता. कुणीतरी विचारलं, “मोघे, यंदा नळाचं पाणी? समुद्र आटला की काय?” लोक हसले. मोघे हसले नाहीत.

आरती झाली. मोघ्यांनी घसा खाकरला.

“एक सांगायचं होतं. त्या बंगल्यांच्या वेळी... ते खारं पाणी मारायला मीच सांगितलं होतं. विभावरी मॅडमनी मला अडवलं होतं. मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. मिठाच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नाहीत.”

अंगणात टाळ खाली ठेवल्याचा आवाज तेवढा झाला. पूर्णिमावहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. विभावरीला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. पण तिला कडकडून भूक लागली.

तेवढ्यात हजराबाई आल्या. वाटली डाळ खायला त्या दरवर्षी याच दिवशी यायच्या. द्रोण हातात घेऊन त्यांनी सरळ विचारलं, “हाँ, बोलो. घर बूढा, कि आदमी?”

मोघ्यांनी विभावरीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती आणि थोडी खात्रीही. आपण आपला शब्द पाळला, आता ही पाळेल. खाल्ल्या मिठाला जागेल.

“आदमी,” विभावरी म्हणाली. “समंदर का पानी ऊपर डाला. आठ साल.”

हजराबाईंनी डाळीचा घास तोंडात ठेवला, सावकाश चावला. “पूजा करो, पूजा से मुझे क्या,” त्या मोघ्यांना म्हणाल्या. “मेरा बाप मोती निकालता था. शाम को पाँव धोकर घर में आता था. समंदर को दरवाजे पर छोड़ता था. तुम ऊपर ले गए?” मग मान हलवून म्हणाल्या, “खलास.”

“मॅडम!” मोघ्यांचा आवाज फुटला. “मी सगळं सांगितलं. आता तुम्ही निदान एवढं तरी...”

“सर,” विभावरी म्हणाली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज गोड झाला, “आत्ताच तुम्ही वीस घरांसमोर सांगितलंत, की मिठाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. लगेच कशी सुरुवात करू?”

तिने पूर्णिमावहिनींकडून डाळीचा द्रोण घेतला, चव घेतली आणि म्हणाली, “वहिनी, मीठ जरा कमी पडलंय.”

या वेळी कुणी हसलं नाही. वहिनी मुकाट्याने आत मीठ आणायला गेल्या.