एवढंसं जू

बुलढाण्याच्या कचेरीत इंग्रजी नकलनविसाची जागा निघाली, तेव्हा मी मॅट्रिक होऊनही सुलतानपुरात बापाबरोबर वखर हाकत होतो. परीक्षा पास झालो तर बुलढाणा, नाही तर जन्मभर वखर. बापाला मी घरीच हवा होतो. मी एकुलता एक, आणि त्याचे गुडघे गेलेले.

चुकांनी भरलेलं पत्र शुद्ध करून लिहायचं, अशी ती परीक्षा. बाकी सगळं जमे, पण दोन शब्दांमधली ती आडवी रेघ काही केल्या डोक्यात शिरेना. नामांकित वकील म्हणताना 'वेल-नोन लॉयर', मध्ये रेघ. वकील नामांकित आहे म्हटलं की 'द लॉयर इज वेल नोन', रेघ गायब! एका संध्याकाळी मी पुस्तक भिरकावलं.

बाप बाजेवर बसून दोर वळत होता. अक्षरशत्रू माणूस. काऊन चिडून राह्यला, असं त्याने विचारलं. याला काय कळणार, अशा उद्धटपणानेच मी सगळं सांगितलं. त्याने दोराला आणखी एक पीळ दिला.

"वकील म्हंजे गाडी, अन् हे दोन शब्द बैल," तो म्हणाला. "बैल गाडीच्या पुढं असले तं जू ठेव. गाडी पुढं अन् बैल मागं, तं जू कायले पाहिजे?"

मी थक्क झालो. मग मी अर्थासकट एकेक वाक्य सांगत गेलो आणि तो दोर वळता वळता नुसता म्हणे, जुंप, सोड. एकदाही चुकला नाही. शेवटी 'न्यूली बिल्ट हाऊस'मधल्यासारखा 'ली' लागलेला शब्द पुढे असूनही जोडत नाहीत, एवढं मात्र मीच सांगितलं. "तो सवयीचा बैल, त्याले जू नाई लागत," बाप म्हणाला. इतके मास्तर पाहिले, पण असा पाहिला नव्हता. मला माझीच लाज वाटली. मी पास झालो तर औत कोण हाकणार, हे त्याला माझ्याहून पक्कं ठाऊक होतं, तरी तो दिवेलागणीपर्यंत सांगत राहिला.

मी पास झालो. निघायच्या दिवशी त्याने ती रेघ दाखव म्हटलं. मी पुस्तक उघडून बोट ठेवलं. त्याने डोळे बारीक केले, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"एवढंसं जू," तो म्हणाला, "अन् घरचा बैल घेऊन चाललं."

मग माझी पेटी त्यानेच गाडीत ठेवली आणि बैल जुंपले.