न टेकलेला हात

येशूची सुवार्ता सांगायला डोंगरातल्या पाड्यावर आलो आणि मलाच तापानं गाठलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करतात. आमच्या चर्चचे पाळकसाहेब खाटेशी आले, पण त्यांचा हात कपाळाच्या दोन बोटं वरच थांबला. लागण होईल म्हणून! आवाज मात्र खणखणीत: "प्रभू, या लेकराच्या विश्वासाची तू परीक्षा पाहतो आहेस..."

माझ्या विश्वासाची? मी त्या अधांतरी तळव्याकडे बघत राहिलो. देवही असाच असेल का, इतक्या जवळ येऊन न टेकणारा? डोकंच फिरलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि तळवा कपाळावर घट्ट दाबला. त्यांची प्रार्थना मध्येच तुटली.

"आता म्हणा आमेन," मी म्हटलं.