हवेचं मशिन आणि आमचं पाचट

दमा माझा आणि पाचटही माझंच, ही आमची अडचण. आष्ट्यात घरामागं आमचा ऊस आहे. तोड झाली की रानात वाळका पाला अंथरल्यासारखा पडतो, तेच पाचट. त्याला काडी लावली की रान साफ, खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायला मोकळं. धूर मात्र सरळ आमच्या घरात येतो आणि घरातून माझ्या छातीत.

रान थोरले बंधू, आमचे आण्णा, बघतात. मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला मास्तर. शेतातलं मला कळत नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि माझीही त्याला हरकत नाही. पूर्वी पेटवायचं झालं की आण्णा आदल्या दिवशी निरोप द्यायचे. मी चार दिवस साताऱ्याला मेहुण्याकडे जाऊन राहायचो. मेहुणा तोंडावर काही बोलायचा नाही, पण गेल्या वर्षी माझा मुक्काम आठवड्यावर गेला तेव्हा त्यानं विचारलं, "दाजी, अवंदा एकरं वाढवलीत काय?"

ते हिच्या जिवाला लागलं. आम्ही सांगलीला हवा साफ करायचं मशिन बघायला गेलो.

दुकानातल्या पोरीनं विचारलं, "सर, त्रास कशाचा आहे? धूळ, धूर, की पाळीव प्राण्यांचे केस?"

"धूर. आन म्हशी हायत दोन," ही म्हणाली.

"म्हशी घरात असतात का, मॅडम?"

"ह्यांना इचारा. धुरापायी ह्यांनाच गोठ्यात हलवलं, तर म्हशी घरात घ्याव्या लागतील."

मी मशिनांकडं बघत राहिलो. एक उभ्या डब्यासारखं, एक सुटकेससारखं, एकाला मोबाईलवरून चालू करायची सोय. मला मोबाईलवालं हवं होतं. हिनं डब्यासारखं घेतलं, कारण त्याला एकच बटण होतं. "तुमाला जमंल आसं बघितलंय," म्हणाली. हवा चांगली असली की त्याचा दिवा निळा, बिघडली की तांबडा. पोरीनं शेवटी सांगितलं, "फक्त दारं-खिडक्या बंद ठेवायच्या."

ते 'फक्त' आम्ही दोघांनी नीट ऐकलंच नाही.

आमच्या गल्लीत दिवसा दार लावत नाहीत. लावलं तर माणसं गावाला गेलीत किंवा नवरा-बायकोचं वाजलंय. पहिल्याच दिवशी समोरच्या काकू खिडकीच्या काचेला नाक लावून विचारू लागल्या, "आवं मास्तर, काय झालं? कोंडून घातलं व्हय तिनं?" मी आतून हातानं नाही-नाही केलं. त्या आणखी घाबरल्या आणि खात्री करायला दार उघडून आत आल्या. दिवा तांबडा झाला.

मग मी आतून कडी लावायला लागलो. चहा आला की कडी काढायची, कप आत, पुन्हा कडी. बाहेर हसणं ऐकू यायचं, पण विनोद काय झाला ते कळायचं नाही. छाती हलकी होती, हे खरं. पण मला आता बाहेर यायचंय असं म्हणायची सोय राहिली नव्हती. एवढं मशिन आणलंय की!

तोड झाली तशी आण्णा आले. दारातूनच म्हणाले, "उद्या पेटवतोय. तुजं बरं झालं गड्या, आता सातारा न्हाई, निरोप न्हाई. आत बसायचं."

मी म्हणालो, "आण्णा, पेटवू नका. पाचट तसंच राहू दे. त्याचं खत होतं म्हणतात."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रानातलं काही सांगत होतो. ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, नवलानं.

"मग मशिन कशाला आणलंस?"

मी कडी लावली.

दुसऱ्या दिवशी पाचट तडतडायला लागलं. खिडकीतून आधी उजेड दिसला, मग काहीच दिसेना. मशिनचा पंखा घोंघावू लागला आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. आण्णा! डोळ्यांतून पाणी, खोकल्यानं बोलता येईना. वारं फिरलं होतं आणि ते नेमके मधे सापडले होते. त्यांच्या धोतराबरोबर अर्धं रान आत आलं. मी त्यांना मशिनपुढं बसवलं, हिनं पाणी दिलं.

खोकला थांबल्यावर ते उठून दाराकडं गेले.

"आत्ता नाही. दिवा निळा झाल्याशिवाय नाही," मी म्हणालो.

ते बसले. परत उठले. खिडकी चाचपली, ती मी चिकटपट्टीनं बंद केलेली. "आरं, जीव गुदमरतोय हितं. तू कसा बसतोस?"

"तुम्ही पेटवता, म्हणून बसतो."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाहेरून रानातल्या गड्यानं हाक मारली, "आण्णा, वरची पट्टी र्‍हायली. लावू का काडी?"

आण्णांनी दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. मग मोठ्यानं म्हणाले, "थांब जरा. वारं फिरू दे."

वारं कधी फिरणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघं भाऊ कडी लावून बसून राहिलो.