बुशकाकांची बोट आणि तुमची सही

अन्याय झाला तो बुशकाकांवर. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मोरव्याच्या वाटेवरच्या आपल्या तळ्याकाठी. भर उजेडात आणि तुमच्यासमोर. तुमच्यातले निम्मे हसत होते, उरलेले मोबाइलवर शूटिंग करत होते.

तुम्ही ज्यांना हसलात त्यांची ओळख आता तरी करून घ्या. काका आयुष्यभर परळच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना कुठलीही वस्तू दिसली की अंगठा आणि तर्जनीत धरून ती हलवून बघायची, ही त्यांची खोड. खुर्चीचा पाय, गेटची बिजागरी, माझ्या लाउडस्पीकरची मूठ, काहीही. वस्तू जरा डगडगली की निकाल ठरलेला, "प्ले आहे." एकदा दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांची फिरती खुर्ची दुरुस्त करून घरी आले. दात दुखतच होता. काकू म्हणाल्या, "मला लग्नापासून कधी विचारलं नाही कुठं दुखतंय म्हणून. त्या बोटीला रोज विचारतात."

ती बोट म्हणजे रिमोटवर चालणारं, हातभर लांबीचं, निळ्या-पांढऱ्या रंगाचं खेळणं. रिटायर झाल्यावर काकांनी भाईंदरच्या फ्लॅटची बाल्कनी ग्रिल लावून बंद केली आणि तिथे वर्कशॉप थाटलं. काकूंनी कपडे कुठे वाळत घालायचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. दर रविवारी बोट तळ्यात. बाकी सहा दिवस तिची उस्तवार.

उस्तवार मुख्यतः बुशांची. बोटीचा पंखा फिरवतो तो दांडा, म्हणजे शाफ्ट, एका नळीतून जातो. त्या नळीच्या दोन्ही तोंडांना आतून पितळेचे बांगडीसारखे दोन बुश असतात. एक मोटरकडे, एक पंख्याकडे. आपल्या तळ्यात पाणी कमी आणि रेती-गाळ जास्त, त्यामुळे बुश सारखे झिजायचे. मग काका शाफ्ट बाहेर काढून काचेवर घरंगळवत, वाकडा झालाय का ते बघत आणि नवे बुश शिकंज्यात धरून हळूहळू दाबून बसवत. मी एकदा मदतीला म्हणून हातोडी पुढे केली. "हातोडी? मग बुश कशाला, खिळेच ठोकू!"

त्यांचा नियम एकच. बुश बदलायचे तर दोन्ही. "एक झिजला म्हणजे दुसरा पण झिजलाय. तो फक्त बोलत नाही." एक नवा आणि एक जुना ठेवला की शाफ्ट तिरका बसतो आणि नव्या बुशात आवळतो. हे शास्त्र ते सोसायटीलाही लावत. निवडणूक झाली, पेढे वाटले गेले. काका पेढा खात म्हणाले, "अध्यक्ष बदलला, सेक्रेटरी तोच. आवळणार बघ." महिन्याभरात पाण्याच्या टँकरवरून दोघांची जुंपली. काकांनी 'मी म्हटलं नव्हतं?' असं चार मजल्यांवर जाऊन सांगितलं. असे ते फार गोड म्हातारेही नव्हते, हे नमूद करते.

मला ते पत्रकबाई म्हणत. मी तळ्यासाठी पत्रकं काढते, वाटते, भिंतींवर चिकटवते. माझं प्रत्येक पत्रक ते चष्मा लावून वाचत आणि मग तेही दोन बोटांत धरून हलवत. "पहिल्या ओळीत तळं मेलं. तिसऱ्या ओळीत तळं वाचवा. मेलेलं वाचवायचं कसं, पत्रकबाई? प्ले आहे." मी चिडायचे. मग घरी येऊन पहिली ओळ बदलायचे.

आता मुद्द्यावर येते. तळ्याच्या पलीकडे मोठं कॉम्प्लेक्स आहे. त्याच्या कुंपणाखालून एक पाइप पाणवनस्पतींच्या आड तळ्यात उघडतो आणि त्यातून काय येतं ते वासावरून कळतं. पण तिथे पायी जाता येत नाही. काठावरून बाटली भरली तर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. त्यामुळे आमच्या प्रत्येक तक्रारीवर पालिकेच्या साहेबांचा शेरा एकच, तथ्य आढळले नाही. काकांनी तो शेरा वाचला आणि म्हणाले, "माझी बोट जाईल तिथं." त्यांनी बोटीच्या मागे दोरीने एक बाटली बांधली. पाइपच्या तोंडाशी जायचं, बाटली बुडवायची आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर काळं पाणी काठावर आणायचं. दोनदा तालीम केली. दोन्ही वेळा पाणी आलं. डांबरासारखं.

महत्प्रयासाने पाहणीला साहेबांचं यायचं ठरलं, रविवारी. नेमके त्याच आठवड्यात काका पुतणीच्या मंगल परिणयासाठी खेडला गेले. जाताना बोट उघडी टाकून गेले, कारण तालमीत गाळाने बुश खाल्ले होते. फोनवर म्हणाले, "लेथवाल्याकडून दोन्ही घे. दोन्ही बसव. नाहीतर बोट पाण्यात घालू नकोस. साहेबाला पुढचा रविवार सांग."

लेथवाल्याकडे शनिवारी एकच बुश तयार होता. "दूसरा सोमवार को ले जाना, मॅडम."

पुढचा रविवार? माझी पत्रकं छापून झाली होती. त्यांवर ठळक अक्षरांत 'या रविवारी' असं होतं. मी पंख्याकडचा बुश बदलला, मोटरकडचा जुना तसाच ठेवला, आणि बादलीत दोन मिनिटं चालवून बघितलं. चालली. आम्हा आंदोलनवाल्यांना बादलीत चाललेलं तळ्यात चालणारच असं वाटतं.

रविवारी सगळे जमलात. साहेब आले. कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरीही हसतमुखाने हजर. गृहस्थ मराठीच, पण साहेब दिसले की हिंदीत शिरतात. काका रात्रभराच्या एसटीतून उतरून, बॅग खांद्याला तशीच अडकवून, थेट काठावर आले. बोट अर्ध्याहून पुढे गेली. मग कुरकुरली, गोल फिरली आणि पाइपच्या अलीकडे थांबली. बाटली वर तरंगत राहिली, रिकामी.

"अरे बोट न्हाय, डबा हाय तो!" मोरव्याच्या एका आजोबांनी आरोळी दिली. तुम्ही खिदळलात.

"सर, देखिए, बच्चों का खेल चल रहा है," सेक्रेटरी.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "खेळणं राहू द्या. लेखी द्या." आणि गाडीत बसले.

काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुश मीच बसवले होते. चूक माझी."  लाउडस्पीकर माझ्याच हातात होता, तो मी बंद केला.

नंतर मी विचारलं, "काका, खोटं का बोललात?"

"तुला या लोकांत पत्रकं वाटायचीत अजून. तुझं ऐकायला नको का कुणी? मला काय, नुसती बोट चालवायचीय."

तेवढंच हवं होतं त्यांना, आणि तुम्ही तेवढंच काढून घेतलंत. आठवड्याच्या आत कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरींनी अर्ज फिरवला. खेळण्याच्या बोटीमुळे तळ्याच्या स्वच्छतेस बाधा येते, सबब मनाई व्हावी. बॅटरीवरच्या बोटीमुळे! आणि सह्या कोणी केल्या? पिशवीसकट निर्माल्य टाकणाऱ्यांनी. काठावर गाड्या धुणाऱ्यांनी. लिफ्टमध्ये कागद पुढे आला म्हणून न वाचता पेन काढणाऱ्यांनी. पाइपविरुद्ध सही मागायला मी आले होते तेव्हा यांतल्याच कितीतरी जणांचा चष्मा घरी राहिला होता.

काठावर बोटीला मनाईची पाटी लागली. काकांनी दोन बोटांनी तिचा खांब हलवला. "हा मात्र पक्का बसवलाय," एवढंच म्हणाले आणि बोट काखेत मारून घरी गेले. त्यानंतरचे रविवार त्यांनी बाल्कनीत काढले. उन्हाळ्यात मुलीने दोघांना कल्याणला नेलं. निघताना बोट माझ्याकडे दिली.  परवा फोनवर विचारलं, तिकडे तळं आहे का? म्हणाले, "स्विमिंग पूल आहे. वॉचमन लांबूनच हात करतो, नको म्हणून."

तर नोंद घ्या. मोटरकडचा जुना बुश मी ठेवला होता. घाई माझी होती, हसं त्यांचं झालं आणि मी ते होऊ दिलं. हे मी आता छापून, माझ्या नावानिशी घरोघर वाटते आहे. बोटीचे दोन्ही बुश मी नवे बसवलेत, शिकंज्यात दाबून. बोट तयार आहे. पाइप जागच्या जागी आहे. मध्ये फक्त ती पाटी आहे, आणि पाटी उभी आहे ती तुमच्या सह्यांवर.

त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे आणि कोणाचं नाव कितव्या ओळीत आहे ते मला पाठ आहे. सही मागे घेण्याचा कागद सोबत जोडलाय. या वेळी वाचा, मग सही करा, आणि माझ्या दारात आणून द्या. आजच.