यानाखाली नाव कोणाचं

परतूरमधे राहून मंगळावरच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसाकडं लोक कसे पाहतात, ते मला आता पाठ झालंय. पोरगं अजून वाया गेलं न्हाई, पण निघालंय, असं पाहतात. आमचे पप्पा सरकारी हपिसात. कोणी विचारलं, "पोरगा काय करतो?" तं ते म्हणतात, "कॉम्प्युटरवर हाये." ह्यात खोटं काय बी न्हाई. मी दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो. फक्त कॉम्प्युटर मला पगार देत न्हाई.

मी काय करत होतो, तं दर रविवारी इंटरनेटवर एका गोष्टीचा एक भाग टाकत होतो. गोष्ट उद्याची, पण आपल्या आजोबांच्या पिढीनं जो उद्या मनात धरला होता, तसल्या उद्याची. म्हंजे यानाला खाली माशासारखे पर, पोटाला गोल खिडक्या, आत भिंतभर काटे फिरणारे मीटर, आणि कॉम्प्युटर येवढा मोठा की कापसाच्या जिनिंगच्या शेडात मावणार न्हाई. सगळं बटण पिळून चालतं. यानाचा ड्रायव्हर यान भरल्याशिवाय हलत न्हाई. जो माणूस जाफराबादच्या जीपमधे एकदा बसलाय त्याला हे समजावून सांगावं लागत न्हाई. "दोन सीट, फक्त दोन सीट, निघालंच आता," म्हणत म्हणत ड्रायव्हरनं चार भाग काढले. पाचव्या भागात यान सुटलं तवर एका प्रवाशाचं लग्न जमलं होतं.

मला येती ती एकच कला, दुसऱ्याचा आवाज काढायची. शाळेत हेडसरांच्या आवाजात मी दोनदा सुट्टी जाहीर केल्ती. दुसऱ्यांदा हेडसर मागंच उभे होते. ही कला नोकरीच्या फॉर्ममधे कुठंच लिहिता येत न्हाई, म्हणून गोष्टीत वापरली. यानातला रोबोट खिडकीमागच्या कारकुनासारखा बोलतो, "सर्व्हर बंद हाये, जेवण झाल्यावर या."

पण चित्र मला येत न्हाई. आधी कॉम्प्युटरलाच चित्र काढ म्हणलं. त्यानं ड्रायव्हरला गोरा रंग आणि हाताला सहा बोटं दिली. असला ड्रायव्हर आमच्याकडं कोणत्याच डेपोत न्हाई. मंग मी पेंटर काकांकडं गेलो.

एके काळी आमच्या गावातली सगळी शटरं, पाट्या, भिंती काकांच्या हातच्या होत्या. मंग फ्लेक्स आलं. आता काका त्यांच्या पुतण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतात. ज्या मशीननं त्यांचं काम खाल्लं, तिनंच बाहेर टाकलेल्या कापडाला दिवसभर कडेनं भोकं पाडून पितळी रिंगा ठोकतात. पुतण्या म्हणतो, "काकांना बसून काम दिलंय." लई मोठं मन.

मी म्हणलं, "काका, मंगळावर जायचं यान काढायचंय."

हातोडी न थांबवता काका म्हणले, "कधी जायचंय?"

"गोष्टीत जायचंय काका."

"मंग ठीक. म्हणलं पप्पाला इचारलं का न्हाई."

"पण माझ्याकडं पैसे न्हाईत."

"ते चपलेवरून दिसून राह्यलं. पैसे नको मला. एक गोष्ट बराबर ऐक. मी खाली नाव टाकीन. दर चित्राला. ट्रकवर टाकलं, शटरवर टाकलं, निवडणुकीच्या भिंतीवर टाकलं. उमेदवार पडले, मह्यं नाव राह्यलं." मंग त्यांनी समोरचा फ्लेक्स उचलून दाखवला. कोण्या भाऊचा वाढदिवस होता आणि खाली चाळीस शुभेच्छुक गॉगल घालून उभे होते. "ह्याच्यावर सगळ्या गावाचं नाव हाये. भोकं कोणी पाडली, हाये का लिव्हलेलं?"

"न्हाई."

"मही नात पाचवीत हाये. तिला शाळेत इचारलं, आजोबा काय करतेत. ती म्हणली, भोकं पाडतेत." काका हसले, पण हातोडी अंगठ्याच्या लई जवळ पडली.

आठ दिवसांनी पहिलं चित्र आलं. यान असं काढलं होतं की बस, ट्रक आणि पालखी ह्या तिघांचं पोर वाटावं. मागं पिवळ्या अक्षरात "पुन्हा भेटू". ड्रायव्हरला पाचच बोटं. आणि खाली कोपऱ्यात काकांची लफ्फेदार सही, खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं. मला तं रडूच आलं असतं, पण मी विनोदी माणूस म्हणून गावात प्रसिद्ध हाये, म्हणून म्हणलं, "काका, मंगळावर ही टपरी कामून काढली?"

"उतरल्यावर च्या पिणार न्हाईत का लोकं?"

इंटरनेटवर आम्हाला अकरा वाचक मिळाले. त्यातले तीन मीच होतो. मी घरच्या ग्रुपवर "नवी पोस्ट टाकली" असं कळवलं, तं मावशीनं लिहिलं, "अभिनंदन बेटा, पोस्टिंग कुठं मिळाली?" तिच्याखाली बावीस लोकांनी हात जोडले. मी बी जोडले.

पुतण्यानं काकांना मोबाईलवर चित्र दाखवलं. काका तडक माझ्याकडं आले.

"नाव कुठंय?"

"काका, मोबाईलमधे चित्र चौकोनी होतं, खालचं कापून जातं. चित्राला बोट लावलं की पूर्ण दिसतं."

"किती लोकांनी बोट लावलं?"

अकरातून मी तिघं वजा केले तं मोजायला काय राह्यलं होतं?

"पुस्तक काढ," काका म्हणले. "कागदाला बोट लावावं लागत न्हाई. नातीच्या हातात देता येतं."

मंग मी माझी जुनी बाईक विकली. पप्पा म्हणले, "मंगळावर बाईकची गरज बी न्हाई म्हणा." बारा भाग, बारा चित्रं, कव्हरवर बी यानाचंच पहिलं चित्र, दोनशे प्रती. प्रकाशक शोधायचं डोक्यात आल्तं, पण प्रकाशकाला आपणच शोधावं लागतं आणि तो सापडला तरी फोन उचलत न्हाई, असं ऐकलं होतं. म्हणून प्रकाशक मीच झालो. मी माझा फोन लगेच उचलतो.

प्रेस शोधली लग्नपत्रिका छापणारी. सगळ्यात स्वस्त तीच. फक्त मी गेलो तो महिना लग्नसराईचा. शेठसमोर पत्रिकांचे ढीग, शेठचा चष्मा कपाळावर.

"नवरदेवाचं नाव सांगा," शेठ म्हणले.

"शेठ, लग्न न्हाई, पुस्तक हाये. हा रोबोट हाये."

शेठनं चित्र लांब धरून पाह्यलं. "असू द्या. आजकाल कोणी बी चालतंय. कुलदैवत कोणतं टाकू वर?"

"पुस्तकावर कुलदैवत नसतं शेठ."

"गणपती टाकतो मंग. गणपती कोणालाच नडत न्हाई."

मी म्हणलं टाका, मंगळावर जाऊन राह्यलोत, कोणाचा तरी आधार असलेला बरा. मजकुराचं प्रूफ मी तीनदा वाचलं. चित्रांच्या जागी रिकामे चौकोन होते. "चित्रं आमचा पोरगा साफसूफ करून बसवतो," शेठ म्हणले. साफसूफ ह्या शब्दाला मी तेव्हा घाबरायला पाहिजे होतं.

गठ्ठे आले, मी घरी एक उघडला. वास असा मस्त. पहिलं चित्र उघडलं. यान हाये, टपरी हाये, ड्रायव्हर हाये. खाली कोपऱ्यात काकांचं नाव होतं तिथं काहीच न्हाई, पांढरं स्वच्छ. आणि त्या पांढऱ्यावर निळ्या अक्षरात प्रेसचं नाव, प्रेसचा फोन आणि "लग्न, बारसे, वास्तुशांती पत्रिका वेळेवर मिळतील." दुसरं चित्र उघडलं. तेच. बाराही चित्रांखाली तेच.

मी तसाच प्रेसवर गेलो.

शेठ खुश होऊन म्हणले, "पाह्यलं ना? कोण्या पेंटरची जाहिरात होती राव तुमच्या चित्रात, बारा ठिकाणी! फुकटात जाहिरात करून राह्यला तो. पोरानं एक एक पुसून काढली. दोन दिवस गेले त्याचे. तुम्हाला त्याचे पैसे लावले न्हाईत."

"शेठ, ती चित्रं काढणाऱ्याची सही होती."

"मंग मी बी तेच म्हणून राह्यलो. जाहिरात."

"आणि तुमचं नाव?"

"ती प्रेस लाईन, कोणी छापलं त्याची. ती टाकावीच लागती."

"बारा वेळा?"

"पत्रिकेला एकच पान असतं. तुमची पानं जास्त, त्याला मी काय करू?"

शेठ वाईट माणूस न्हाई. लग्नपत्रिकेत नवरीचं चित्र कोणी काढलं हे आजपर्यंत कोणी छापलेलं न्हाई, आणि प्रेसचं नाव कोणी गाळलेलं न्हाई. त्यानं आमच्या यानाला घरचं कार्य समजून वागवलं. नवीन छापा म्हणलं तं त्यानं पत्रिकांच्या ढिगाकडं बोट केलं आणि म्हणला, "पेंटरचं नाव छापून चोवीसशे स्टिकर देतो, फुकट. तुम्ही चिकटवा."

दुसऱ्या दिवशी घरून मी एका मोठ्या साहेबाच्या आवाजात शेठला फोन केला. "चौकशी लावू का तुमच्या प्रेसची?" पलीकडं शेठ म्हणले, "पोरा, सर्दी झाली का? हळद घालून दूध घे."

काकांना मी सांगितलं, "कटिंग बाकी हाये." चार दिवसांनी सांगितलं, "बाइंडर गावाला गेलाय." मंग सांगितलं, बाइंडरची सासू वारली. आवाज काढणाऱ्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं असं लोकांना वाटतं. न्हाई जात. सगळे आवाज माझ्याकडं हायेत, फक्त काकांसमोर उभं राह्यल्यावर लागतो तो न्हाई. काका दरवेळी म्हणायचे, "रविवारपर्यंत येईल ना? नातीला रविवार सांगितलाय." रविवार आला आणि गेला.

आता आमचे पप्पा. ज्या माणसानं इतके महिने माझ्या गोष्टीचं नाव घरात घेतलं न्हाई, त्या माणसाला कोणत्या दिवशी माझा अभिमान वाटावा? मी दूध आणायला गेल्तो त्या दिवशी. काका घरी आल्ते, आणि पप्पांनी स्वतः गठ्ठा सोडून एक प्रत त्यांच्या हातात दिली. "घ्या पेंटर! पोरानं छापलंय. कागद पहा कागद."

मी आलो तं काका खुर्चीत बसल्ते. पानं उलटत होते आणि दर चित्राखाली, कोपऱ्यात, बोट फिरवत होते. बाराव्यावर थांबले.

"बाइंडर आला वाटतं," ते म्हणले.

"काका, प्रेसवाल्यानं..."

"कळलं मला. वाचता येतं."

पप्पांना काहीच कळलं न्हाई. ते म्हणले, "काय झालं? सुबक आलंय की." आईनं आतून पप्पांना हाक मारली. काम काहीच नव्हतं.

मी हळूच म्हणलं, "स्टिकर देतो म्हणतोय तो. तुमच्या नावाचे. चिकटवू आपण."

"स्टिकर?" काका पहिल्यांदा माझ्याकडं पाहून बोलले. "मी काय आंबा हाये का रे?"

पुस्तक खुर्चीवर ठेवून ते गेले. मी दुधाची पिशवी हातात धरून तिथंच उभा. काय बोलावं ते सुचलं न्हाई, हे माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा हेडसर मागं उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका हजर. एका हातात पिशवी, पिशवीत रंगाचे डबे, ब्रश, रॉकेलची बाटली. "गच्चीवर ऊन असतं का?" एवढंच विचारलं. पुतण्याला रिंगा स्वतः ठोकायला सांगून आल्ते.

"काका, बारा चित्रं गुणिले दोनशे..."

"आतलं राहू दे. कव्हर दे."

पहिली प्रत त्यांनी मांडीवर घेतली. खाली कोपऱ्यात ब्रश टेकवला. मला वाटलं, छोटीशी सही करतील. ब्रश उजवीकडं निघाला तो निघालाच. लाल अक्षरं, पिवळी किनार, काळी सावली, ट्रकच्या मागं असतात तसली. नाव यानाच्या परांवर चढलं, ड्रायव्हरच्या गुडघ्यापर्यंत गेलं, आणि मंग जिथं बारीक छापलं होतं की लेखक कोण, तिथं आलं.

"काका, तिथं माझं नाव हाये."

"होतं," काका म्हणले आणि आडवा ब्रश मारला.

"काका!"

"तुह्यं आत दर भागाला छापलंय. बारा वेळा. मोजलंय मी. मह्यं कुठंय सांग, पुसून देतो हे."

मी दुसरी प्रत उघडून त्यांच्यासमोर धरली.

पाच दिवस चाललं. आईची गच्ची गेली, पप्पांनी रंगाच्या वासानं डोकं धरलं, एक कावळा ओल्या प्रतीवर चालून गेला. ती प्रत काकांनी बाजूला काढली न्हाई. "पावलं बराबर पडलेत," म्हणले. मंगळावर उमटलेली पहिली पावलं आमच्या गल्लीतल्या कावळ्याची हायेत. सगळ्यात आधी वाळलेली प्रत घेऊन काका घरी गेले. मी म्हणलं, पिशवीत टाकून देतो. न्हाई म्हणले. दोन्ही हातांनी कडेला धरून, उन्हात, गल्लीतून नेली.

आतली प्रेस लाईन तशीच राह्यली. पुढं प्रती विकल्यावर शेठनं मला सांगितलं, पुस्तक वाचून तीन जणांनी पत्रिकेसाठी फोन केले. मला गोष्टीबद्दल एक बी आला न्हाई.

सगळ्या प्रती वाळल्यावर बाजाराच्या दिवशी आम्ही फ्लेक्सच्या दुकानासमोर टेबल टाकलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसल्ते, शेजारी नात. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कव्हर दाखवून नाव वाचून दाखवत होती, मोठ्यानं, शाळेत कविता म्हणतात तसं. एक शेतकरी थांबला. त्यानं नाव पाह्यलं, काकांकडं पाह्यलं.

"पेंटर, पुस्तक लिव्हलं का हो तुम्ही?"

"छे, लिव्हत न्हाई मी," काका म्हणले. "मी काढतो." आणि माझ्याकडं अंगठा केला. "चित्रं झाल्यावर पानाला जागा उरली होती. तिथं ह्या पोरानं लिव्हलंय."

शेतकऱ्यानं पुस्तक चाळून पाह्यलं आणि मला म्हणला, "लई जागा उरली होती की रे."